आधी टीव्हीचा आवाज बारीक करा

सकाळी टीव्ही बघणारा माणूस मी कोल्हापुरात अजून पाहिलेला नाही. टीव्ही चालू असतो, ही गोष्ट वेगळी. आई ओट्याशी, वडील दाढीच्या आरशापुढं, पोरगं मोज्याचा दुसरा जोड शोधत पलंगाखाली, आणि टीव्ही आपला सगळ्यांच्या पाठीशी बोलत बसलेला. संध्याकाळच्या मालिकेला समोर मांडी घालून बसलेली माणसं मिळतात, सकाळच्या कार्यक्रमाच्या वाट्याला पाठी येतात. त्या पाठीशी ज्याला बोलता येतं तो सकाळचा निवेदक. बाकीचे नुसते छान दिसतात.

हे कसब मुळात रेडिओचं. आमच्याकडं सकाळ व्हायची ती आकाशवाणी सांगलीनं. 6 ऑक्टोबर 1963 ला ते केंद्र सुरू झालं आणि आमच्या आज्जीनं घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं. भक्तिगीतं संपायच्या आत अंघोळ, सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागल्या की चहा. बातम्या सुरू झाल्या आणि दूध आलेलं नसलं, की आज्जी पातेलं घेऊन दारात उभी. दूधवाल्याला ऐकवायची, "पुणं लागलं तरी तुझा पत्ता नाही!" बातम्या देणारा माणूस गोरा की काळा, म्हातारा की तरणा, याची तिला काडीची फिकीर नव्हती.

टीव्ही आमच्याकडं उशिरा आला आणि आला तो हिंदी बोलत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, पण ते चित्र इथवर कुठलं पोचायला? 1983 मध्ये इन्सॅट 1 बी उपग्रह वर गेला, मग देशभर गावोगावी छोटे मनोरे उभे राहिले. या कमी ताकदीच्या मनोऱ्यांचं काम उपग्रहावरून उतरलेला दिल्लीचा कार्यक्रम उचलून आसपासच्या घरांत पोचवायचं. त्यामुळं मुंबईचा पाहुणा सुट्टीला आला की तो भक्ती बर्वे आणि प्रदीप भिडे यांच्या बातम्यांचं कौतुक सांगायचा आणि आम्ही दिल्लीच्या बातम्या ऐकून 'समाचार' म्हणायला शिकत होतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या काळात हिंदी सुधारली असेल तर ती शाळेमुळं नव्हे.

23 फेब्रुवारी 1987 ला दूरदर्शननं सकाळचं प्रक्षेपण सुरू केलं. तो सोमवार होता. त्याच्या महिनाभर आधी, 25 जानेवारीला, रविवार सकाळची 'रामायण' मालिका सुरू झालेली, आणि तिच्या गाजावाजात या सोमवारची कुणी दखलच घेतली नाही. 'रामायण' सकाळी लागत असलं तरी त्याला मी सकाळचा टीव्ही मानत नाही. त्याला लोक अंघोळ करून, टीव्हीला हार घालून, समोर बसायचे. सोमवार ते शनिवारची सकाळ निराळी. शाळेचा डबा, नळाची वेळ आणि मध्येच दिल्लीतली कुणी शांत बाई शांत आवाजात कुणा शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतेय. आमच्या घरी पहिले काही दिवस टीव्ही हौसेनं लागला, मग आज्जीनं निकाल दिला की सांगली बरी, निदान काय म्हणतात ते तरी कळतं. रविवारच्या 'रंगोली'त हेमामालिनी गाण्यांच्या मधे बोलायला यायची, तिच्याकडं मात्र आमच्या वडिलांनी, आप्पांनी, कधी पाठ केली नाही. अर्धी दाढी तशीच फेसात.

परदेशात हा धंदा जुना. अमेरिकेत 'टुडे' 14 जानेवारी 1952 ला सुरू झाला, डेव्ह गॅरोवे नावाचा निवांत बोलणारा माणूस निवेदक. दुसऱ्या वर्षी त्याच्या शेजारी जे. फ्रेड मग्ज नावाचं चिंपांझीचं पिल्लू आणून बसवलं आणि प्रेक्षक वाढले. इंग्लंडमध्ये तर गंमतच झाली. जानेवारी 1983 मध्ये बीबीसीनं लाल सोफा टाकला आणि फ्रँक बॉफ या निवेदकाला कोटाऐवजी स्वेटर घालून बसवला. पुढच्याच महिन्यात स्पर्धेत उतरलेल्या टीव्ही-एएमनं डेव्हिड फ्रॉस्ट, मायकेल पार्किन्सन, अँजेला रिपन, अ‍ॅना फोर्ड, रॉबर्ट की असे पाच नामांकित चेहरे आणले. पाचही मातब्बर. कार्यक्रम आपटला. तो सावरला कुणी, तर रोलँड रॅट नावाच्या एका उंदराच्या बाहुलीनं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही, पटलंच. पहाटे साडेसहाला कुणालाही विद्वान नको असतो.

मराठीत या माझ्या सिद्धांताला एक दणदणीत अपवाद झाला, तोही सांगितला पाहिजे. 2000 साली ई टीव्ही मराठी आलं आणि त्यावर सकाळी राजू परुळेकर 'संवाद' करायला लागले. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर एक माणूस. ना गाणं, ना रेसिपी, ना राशिभविष्य. परुळेकर प्रश्न विचारून गप्प बसायचे, आणि टीव्हीवर गप्प बसणारा माणूस आम्ही प्रथमच बघत होतो. त्या अर्ध्या तासात आमच्याकडं पोळ्या करपल्या आहेत. पण 'संवाद' संपून मुंबईच्या वाहिन्या लागल्या की पुन्हा तेच. मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिरा धावतेय, हार्बरवर मेगाब्लॉक. आमच्या कोल्हापुरात रेल्वे येते आणि संपते. पुढं रूळच नाहीत. आम्हाला हार्बरचं काय?

आमची खरी सकाळ केबलवर होती.

केबलची सुरुवात कशी झाली ते त्या काळात पेठेत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका गच्चीवर डिश, एका खोलीत दोन व्हीसीआर, आणि गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या काळ्या वायरी. दुपारी एक पिक्चर, रात्री एक पिक्चर. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, पिक्चरच्या खाली पट्टी फिरवली तर? साडीच्या सेलची, क्लासच्या प्रवेशाची, वाढदिवसाची. पट्टीला पैसे मिळाले. मग म्हणाले, पट्टी वाचायला माणूस बसवू. शूटिंगला माणसं शोधावी लागली नाहीत. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या या गावात कॅमेऱ्याला कुणी बिचकत नाही, आणि लग्नाचं शूटिंग करणारे तर गल्लीला दोन. पॅनासॉनिकचा एम नऊ हजार खांद्यावर, हातात सनगन म्हणजे शूटिंगचा झगझगीत दिवा, असे ते मुहूर्त नसलेल्या दिवशी रिकामेच असायचे. त्यांची लग्नातली सवय मात्र सुटली नव्हती. निवेदिका बोलत असताना कॅमेरा हळूच तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर जायचा.

ज्या केबलवर मी कॉलेज करता करता चिठ्ठ्या लिहायचं काम केलं, तिचा स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली. मागं रंकाळ्याचा रंगवलेला पडदा. संध्यामठ अर्ध्या पाण्यात, वर एक बगळा. पुढं फ्लेक्स आले तेव्हा त्या जागी अंबाबाईच्या देवळाचा फ्लेक्स लागला, पण पेंटरनं रंगवलेला बगळा बरा होता. पंखा आवाज करतो म्हणून बंद, खिडकी रस्त्याच्या आवाजासाठी बंद, त्यात दोन हॅलोजन. सकाळी सातला डिसेंबरातही घाम.

निवेदक दोन होते. एक ताई. त्या दुपारी बालवाडीत शिकवायच्या आणि सकाळी कार्यक्रम करायच्या, आणि मला वाटतं दोन्हीकडं आवाज एकच लावायच्या. दुसरे मास्तर. मास्तर शिक्षक नव्हते, कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. जत्रेच्या मैदानात कर्ण्यावरून बोलून तयार झालेला गळा. कॉलर माईक लावला तर सगळं फाटूनच यायचं. शेवटी माईक टेबलाखाली, फुलदाणीच्या मागं ठेवला, तरी बाहेरच्या जिन्यावर त्यांचा आवाज ऐकू यायचा. वाढदिवसाच्या चिठ्ठ्या मी त्यांच्या हाती द्यायचो. चिठ्ठीत असायचं, 'चि. अमुकला तिसऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, शुभेच्छुक आजी-आजोबा.' मास्तर फोटोकडं एकदा बघून सुरू. "काय मनगट आहे बघा! काय मांडी आहे! घरचं दूध दिसतंय. हे पोरगं पुढं मैदान मारणार, लिहून ठेवा!" लोक आपल्या पोराची चिठ्ठी मास्तरांच्याच वारी लागावी म्हणून वशिला लावायचे. मुलींनाही ते मैदान मारायला लावत, त्याबद्दल एकदा एका आजोबांची तक्रार आली. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी तक्रार वाचून दाखवली आणि म्हणाले, "मारू दे की."

ताईंचं काम अवघड होतं. निधनवार्ता आणि रक्षाविसर्जन त्या वाचायच्या. आमच्याकडं सकाळची ही सर्वांत महत्त्वाची बातमी, कारण नऊ वाजता पंचगंगेच्या स्मशानभूमीत पोचायचं तर आठला कळलं पाहिजे. नाव वाचायच्या आधी त्या अगदी थोडं थांबत. तेवढ्यात मी सांगितलेल्या त्या सगळ्या पाठी वळायच्या. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात त्यावर ती व्यवस्था पुष्कळ चालते. होळी जवळ आली की ताई रोज सांगत, होळी लहान करा, शेणी स्मशानात पाठवा. लागोपाठ आठवडाभर तेच वाक्य, पण कधी वाचून दाखवल्यासारखं नाही. एका होळीला एका मंडळानं टेम्पो भरून शेणी थेट केबलच्या दारात आणून उतरवल्या. "ताई म्हणाल्या पाठवा, म्हणून पाठवल्या." कुठं पाठवा ते त्यांनी ऐकलं नव्हतं, पाठीनं ऐकण्याचा तोटा हा.

पेपर, पट्टी, चिठ्ठ्या झाल्या की फोन. खोलीत एकच लँडलाईन, स्पीकरवर टाकलेला. या फोनमुळं ताईंच्या तोंडी एक वाक्य बसलं आणि ते गावात इतकं पसरलं की पोरं खेळतानासुद्धा म्हणायची.

"हॅलो, ताई, मी फुलेवाडीवरून बोलतोय."

"आधी टीव्हीचा आवाज बारीक करा बघू."

"केलाय की."

"नाही केला. मला ऐकू येतोय."

"आवो, शेजारच्यांचा हाय त्यो!"

कारण साधं होतं. त्याचा आवाज फोनवरून स्टुडिओत, स्टुडिओतून वायरीनं त्याच्याच टीव्हीत, टीव्हीतून पुन्हा फोनमध्ये, असं गोल गोल फिरून शेवटी कुईऽऽ करून शिट्टी वाजायची आणि आमचा ऑपरेटर कान धरायचा. केबल ॲनालॉग होती तोवर हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायचं. पुढं सरकारनं सेट टॉप बॉक्स सक्तीचे केले. मोठी शहरं आधी, आमच्यासारखी शहरं तिसऱ्या टप्प्यात, 31 डिसेंबर 2015 ची मुदत. बॉक्स आला आणि शिट्टी गेली, पण त्याऐवजी भलतंच सुरू झालं. डिजिटलमध्ये चित्र घरी पोचायला काही सेकंद जास्त लागतात. फोन करणाऱ्याला आपलाच आवाज मागाहून टीव्हीत ऐकू यायचा, तो दचकून थांबायचा, मग टीव्हीतला तो थांबायचा, मग दोघं एकदम बोलायला लागायचे. वाक्य तेच राहिलं, आवाज बारीक करा.

लोक विचारायचे काय? पाणी. ए, बी वॉर्डात आज येणार का, उद्या येणार का, कमी दाबानं म्हणजे किती कमी. मग वीज. मग पावसाळ्यात राधानगरी. राधानगरी धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात, पाणी ठरावीक उंचीला पोचलं की. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी. हा आकडा कोल्हापुरातल्या पानपट्टीवाल्यालाही पाठ असतो. मास्तर तो कुस्तीच्या निकालासारखा द्यायचे. "तीन नंबर उघडला! सहा नंबर उघडला!" ताई सावकाश सांगायच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट इतके इंच, इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. तेवढ्यावरून शुक्रवार पेठेतल्या बायका सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते ठरवत.

मास्तर आधी गेले, वयानं. तोवर सकाळच्या तासाला चांगले पैसे द्यायला केस वाढवायच्या तेलवाल्या आणि रत्नं विकणाऱ्या मंडळी तयार झाल्या होत्या. मालकाला दोष देत नाही. ताईंचा कार्यक्रम तासाचा अर्धा तास झाला, मग पंधरा मिनिटं, मग आदल्या रात्री रेकॉर्ड केलेला. आदल्या रात्री रेकॉर्ड केलेला सकाळचा कार्यक्रम हे मला अजून पटलेलं नाही. त्यात 'आज पाणी येणार' हे वाक्य कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

ऑगस्ट 2019 मध्ये मात्र ताईंना बोलावणं गेलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं होतं. शिरोलीपाशी महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं शहरात पूर असून नळाला पाणी नाही, दूध नाही, पेट्रोल नाही. मुंबईच्या वाहिन्यांनी बोटीत बसलेले वार्ताहर पाठवले होते. छातीभर पाण्यात उभं राहून ते ओरडत होते की कोल्हापूर बुडालं आहे. आम्हाला ते दिसत होतं. आम्हाला हवं होतं, टँकर कुठल्या चौकात येणार आणि आपल्या गल्लीत पाणी चढतंय की उतरतंय. ताई जुनी वही घेऊन बसल्या. ज्या भागात वीज गेली होती तिथं टीव्ही कुठला, म्हणून कुणीतरी समोर मोबाईल धरून तेच फेसबुकवर सोडलं. कोण फोन करतंय, कुठून करतंय, वरच्या मजल्यावर किती माणसं, औषध कुणाला लागतंय, सगळं त्या वहीत लिहीत आणि वाचून दाखवत होत्या. आवाज बालवाडीचाच. घाबरलेल्या माणसाला पत्ता नीट सांगता येत नाही, हे त्यांना आधीपासून माहीत असल्यासारखं त्या एकेक खूण विचारायच्या. "देऊळ डाव्या हाताला की उजव्या? बरं. त्याच्या पुढं चक्की आहे का?"

ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कार्यक्रमात त्या नेहमी 'मी येते', 'मी सांगते' असं पुस्तकातलं बोलायच्या. त्या दिवसांत मात्र सरळ आमच्याकडच्या बायकांसारखं, 'थांबा, मी विचारून सांगतो.' कुणी हसलं नाही. कुणाला वेगळं वाटलंसुद्धा नाही.

आता सकाळी हातात मोबाईल असतो. कोल्हापूरचे स्थानिक चॅनेल यूट्यूबवर आहेत, नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला सूर्याची किरणं देवीच्या पायाशी पोचली की गुडघ्याशी, ते परदेशातली पोरंसुद्धा थेट बघतात. तरुण निवेदक चांगले आहेत. बोलतात फार, पण चांगले आहेत. कॅमेऱ्याकडं बघून बोलतात, म्हणजे समोर कुणीतरी बसलेलं आहे असं धरून. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसावं.

ताई परवा कपिलतीर्थ मंडईत दिसल्या. वांगी निवडत होत्या. भाजीवाली बाई त्यांना पिशवी भरून देता देता म्हणाली, "ताई, दिसत न्हाईसा आता." त्या हसल्या. मग तिनं लगेच पुढचं विचारलं, "बरं ते ऱ्हाऊ दे, उद्या आमच्याकडं पाणी हाय का?" कार्यक्रम बंद होऊन किती दिवस झाले! ताईंनी वांगी खाली ठेवली, पर्समधून मोबाईल काढला आणि नंबर न शोधता लावला. पलीकडं पाणी सोडणारा माणूस असणार, कारण ताईंचं पहिलंच वाक्य होतं, "अहो, आधी तो टीव्ही बारीक करा."